तिसरं मेन

"पन्नास," मी म्हटलं.

एवढंच. जानेवारीतली सकाळ होती, नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या रो हाऊसच्या पोर्चमध्ये अँगलच्या स्टँडवर फियाटच्या इंजिनचा ब्लॉक उलटा ठेवलेला, त्यात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बसवलेला, आणि मी गुडघ्यावर बसून तिसऱ्या मेन बेरिंगची कॅप काढून जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, चपटा झालेला तो फट मोजायचा हिरवा दोरा कागदाच्या पट्टीशी लावून बघत होतो. नाना, माझे वडील, शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. कानटोपी, मफलर, मांडीवर रजिस्टर, हातात पेन. पहिल्या मेनला पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पन्नास हजारांश, आले होते, दुसऱ्यालाही पन्नास. दोरा जेवढा रुंद तेवढी फट कमी. तिसऱ्याला मात्र दोरा सारखा पसरला नव्हता. एका कडेला अडतीसच्या पट्टीएवढा, आणि फ्लायव्हीलकडच्या कडेला तर जवळजवळ पंचवीसच्या पट्टीएवढा रुंद. मला ते स्वच्छ दिसलं. ऊन पोर्चच्या पायरीपर्यंत आलं होतं, उजेड भरपूर होता, दिसण्यात काहीच अडचण नव्हती. नानांनी विचारलं, "किती?" आणि मी म्हटलं पन्नास. त्यांनी लिहिलं. पुढच्या रकान्यात सही केली. मी ओल्या फडक्याने दोरा पुसून टाकला.

मी खोटं का बोललो याची कारणं त्या क्षणी माझ्याकडे होती, म्हणजे कारणं असतातच. तिसरा रविवार चालला होता. गुडघे दुखत होते. आत आईने मिसळीची तर्री दोनदा गरम केली होती आणि तिसऱ्यांदा करणार नाही असं सांगितलं होतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नानांच्या हिशोबाने रीडिंग घ्यायची वेळ संपत आली होती. त्यांनी पोर्चच्या भिंतीला एक थर्मामीटर लावलाय, आणि पारा वीसच्या आसपास असताना मोजायचं, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. कंपनीतल्या मेट्रॉलॉजी रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, बारा महिने वीस अंश असायचं. १९३१ साली जगातल्या मापवाल्यांनी ठरवलं की लांबी मोजायची ती २० डिग्रीला, कारण धातू वाढतो. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, मग पन्नास मिलिमीटरचं जर्नल वीस अंश तापलं की अकरा-बारा मायक्रॉन जाड होतं. आमच्याकडे एसी नाही, पण नाशिकचा जानेवारी आहे. निफाडला पारा किती उतरला त्याची बातमी रोज पेपरात, आणि आमच्या पोर्चमध्ये सकाळी साडेनऊ ते साडेदहा असा एक तास अगदी मेट्रॉलॉजी रूमसारखा मिळतो. तो तास संपला की पुढचा रविवार. मी खरं सांगितलं असतं तर पुढचा रविवार आला असता.

ही गाडी आमच्याकडे १९९४ पासून आहे. प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला कोणी पद्मिनी म्हटलेलं मला आठवत नाही, फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, ६८ चा बोअर, ७५ चा स्ट्रोक, चार पिस्टन आणि क्रँकला धरून ठेवणारी फक्त तीन मेन बेरिंग. हल्लीच्या चार सिलिंडरच्या इंजिनला पाच असतात. तीनच आहेत म्हणून प्रत्येकावर भार जास्त, असं नाना म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात काळजी असते, एखाद्या कमी माणसांच्या घराबद्दल बोलावं तशी. मुंबईत फियाटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली त्या दिवशी त्यांनी टीव्हीवरची बातमी पूर्ण बघितली, मग उठून बाहेर गेले आणि गाडीवरचं कव्हर काढून परत नीट घातलं. बोलले काहीच नाहीत.

इंजिन उघडायची वेळ कसारा घाटाने आणली. भिवंडीहून लग्न आटपून परत येत होतो, घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो, आणि स्लो स्पीडला ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, सोडला की परत. त्याच्याबरोबर खालून एक आवाज. टक-टक नव्हे, त्याहून जड, दारावर कोणी मुठीने हळू ठोकतंय तसा. नाना मागच्या सीटवर झोपले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "मेन गेलंय. हळू घे घरापर्यंत." मी साठच्या पुढे नेली नाही. विल्होळीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, सगळे तो आवाज ऐकत होते.

बेरिंगची गंमत अशी आहे की त्यात ना बॉल असतो ना रोलर. दोन अर्ध्या वाट्या, पोलादाच्या पातळ पत्र्याच्या, आतून मऊ धातूचा थर. त्यांच्यात क्रँकचं जर्नल फिरतं, आणि त्या दोघांच्या मध्ये तेल. गाडी पळत असताना जर्नल त्या वाटीला टेकतच नाही, तेलावर तरंगतं. हे पहिल्यांदा कळलं ते इंग्लंडात, १८८३ साली. बीचम टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होता, वरून तेल घालायला त्याने एक भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून बाहेर यायला लागलं. त्याने बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. मग गेज लावलं आणि काटा टोकाला गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला खेचून आपल्या खाली पाचरीसारखं दाबत होता आणि त्या दाबावर स्वतः उचलला जात होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. ही गोष्ट मी नानांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. चौतीस वर्षं ज्या गोष्टीची मापं घेतली तिच्यामागचा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत होता. मग म्हणाले, "खुंटी वर आली तेव्हा त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता."

ते तेल तिथे राहायचं तर फट बरोबर पाहिजे. ढोबळ नियम असा की जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन इंचाला दोन थाउ, म्हणजे पन्नास मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर. फट जास्त झाली तर तेल कडेने निसटतं, आणि ते फटीच्या प्रमाणात निसटत नाही, घनाच्या प्रमाणात निसटतं. फट दुप्पट, तर गळती आठपट. इगतपुरीचा लाल दिवा तोच होता. फट कमी झाली तर उलटं. तेल पुरेसं वाहत नाही, वाहत नाही म्हणून उष्णता घेऊन जात नाही, बेरिंग तापतं, मऊ थर वितळायला लागतो आणि एक दिवस क्रँक पकडतो. सैल बेरिंग निदान आवाज करून सांगतं. टाइट बेरिंग काही सांगत नाही, सरळ जाम होतं. पंचवीस आणि अडतीस हे आकडे मी पोर्चमध्ये बघितले तेव्हा हे सगळं मला माहीत होतं, हे लिहायला आत्ताही जड जातंय.

क्रँकला आधी एकदा दहा थाउ ग्राइंडिंग झालेलं होतं. या वेळी अंबडला नेला, ग्राइंडिंगवाल्याने तपासून सांगितलं वीस करावे लागतील. वीस थाउ म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग वीस अंडरसाइझची, म्हणजे घासून तेवढ्या बारीक झालेल्या जर्नलला बसतील अशी, बेरिंग शोधणं आलं. सारडा सर्कलजवळच्या जुन्या स्पेअरच्या दुकानात कनेक्टिंग रॉडची मिळाली, मेनची नाहीत. शेवटी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मी कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडवर दिवसभर दुकानं पालथी घातली आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून एक खोकं काढलं. मेणकागदात गुंडाळलेला सेट, वर धूळ, आत एक डाग नाही. ही गाडी जिथे बनली त्या कुर्ल्यातच तिची शेवटची बेरिंग पडून होती. येताना गाडीत बसायला जागा मिळाली नाही, इगतपुरीपर्यंत दारात उभा होतो, खोकं शर्टाच्या आत.

घरी आल्यावर नानांनी खोकं उघडलं आणि वास घेतला. मला हसू आलं नाही, कारण तो वास मलाही माहीत आहे. तेल, मेण, आणि थंड धातूचा तो जरासा आंबट वास. लहानपणी नाना घरी आले की त्यांच्या शर्टाला यायचा.

नाना सातपूरच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. आयटीआय करून लागले ते चौतीस वर्षं एकाच टेबलावर, म्हणजे टेबलं बदलली असतील पण काम तेच. दुसऱ्यांनी बनवलेलं मोजायचं आणि लिहायचं. भोंग्याआधी दहा मिनिटं पोचायचे. सायकल, मग लूना, मग ही फियाट, पण फियाट कंपनीत कधी नेली नाही, ती रविवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायला किंवा सप्तशृंगीला जायला. त्यांच्या हातात मायक्रोमीटर असला की तो धरलाय असं वाटायचंच नाही, करंगळीत फ्रेम अडकवून अंगठा आणि तर्जनीने रॅचेट फिरवायचे, तीन टिक, थांबायचे, वाचायचे. आता उजवा हात थरथरतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मायक्रोमीटरची बारीक रेघ त्यांना वाचता येत नाही. म्हणून मोजायचं मी आणि लिहायचं त्यांनी असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी मी जर्नल मायक्रोमीटरने मोजली, ग्राइंडिंग तिन्हीकडे चोख होतं, ओव्हल नाही, टेपर नाही, म्हणजे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला बारीक असं नाही. मग उलटतपासणीला हा हिरवा दोरा. प्लास्टिगेज म्हणतात. शेवईसारखा बारीक, मऊ. जर्नल कोरडं करायचं, तेलाचा एक थेंब नको कारण तेलात तो विरघळतो, वर दोरा आडवा ठेवायचा, कॅप बसवायची, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळायची, क्रँक जराही फिरू द्यायचा नाही, आणि परत उघडायचं. जेवढी फट कमी तेवढा दोरा जास्त चपटा, जास्त रुंद. पाकिटावर छापलेल्या पट्टीशी लावून बघायचं. लहान मुलालाही वाचता येईल.

नाशिककरांना मोजायचं वेगळं शिकवावं लागत नाही असं मला नेहमी वाटतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे रेडिओवर सांगतात, पण आम्ही एकमेकांना विचारतो ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीबद्दल. गुडघ्यापर्यंत आलं का, कमरेपर्यंत आलं का, छातीला लागलं का. जुनी माणसं नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आणि नाना छत्र्या घेऊन पूर बघायला गेलो होतो, लांबूनच, पोलीस पुढे जाऊ देत नव्हते. शेजारी एक माणूस फोनवर कोणाला तरी सांगत होता, गळ्यापर्यंत आलंय, गळ्यापर्यंत. नाना हळूच मला म्हणाले, "खांद्याच्या वर आहे, गळा अजून दिसतोय." त्या गर्दीत, त्या आवाजात, तेवढ्या पावसात. त्या माणसाला नाही सांगितलं, मला सांगितलं. कोणाकडे तरी बरोबर आकडा असायला हवा एवढंच बहुतेक.

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. महिनाअखेर होती, एक लॉट पाठवायचा होता आणि बोअर दोन मायक्रॉनने मोठे निघाले. सगळे नाही, काही. साहेब म्हणाले सही करा, दोन मायक्रॉनने काय होतंय, पुढे कोणी मोजणार नाही. नानांनी केली नाही. लॉट थांबला. त्यांना कोणी काही बोललं नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून थर्ड शिफ्ट लागली ती सहा महिने. हे मला खूप नंतर आईकडून कळलं. मला त्या वेळचं आठवतं ते एवढंच की आमचं घर सहा महिने कुजबुजत होतं. नाना दिवसा झोपायचे, डोळ्यांवर ओला पंचा, खिडकीला चादर लावलेली. रेडिओ बंद. अंगणात क्रिकेट बंद. दिवाळीत फटाके शेजारच्या गल्लीत जाऊन उडवायचे. मोठा झाल्यावर कारण कळलं तेव्हा अभिमान वाटला, लोकांना मी ही गोष्ट सांगतोही, सांगताना माझा आवाज चढतो. पण खरं सांगायचं तर अभिमानाच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती गेलेली नाही. दोन मायक्रॉन. केसाच्या पस्तिसाव्या भागासाठी तुम्ही आमची एक दिवाळी घालवलीत. हे मी त्यांना कधी बोललो नाही. इतकी वर्षं झाली, बोलण्यासारखं राहिलंही नाही.

त्या रविवारी मिसळ खाताना मला पहिल्यांदा शंका आली की "पन्नास" म्हणताना माझ्यातला तो चौथीतला मुलगाही थोडा बोलला का.

दुपारी आम्ही शेल, म्हणजे बेरिंगच्या त्या अर्ध्या वाट्या, पुसली, बोटाने तेल लावलं, कॅपा परत बसवल्या, आवळल्या. नानांनी क्रँकच्या टोकाला हात लावून फिरवून बघितला. फिरला. नव्या बेरिंगला थोडा जड फिरतोच. त्यांनी दोनदा फिरवला, मग तिसऱ्यांदा, मग हात पुसले. काही बोलले नाहीत. "पुढच्या रविवारी पिस्टन टाकू," एवढंच.

रात्री झोप लागेना. मी स्वतःला समजावत होतो की अडतीसपर्यंत चालतं, चालून चालून मोकळं होईल, अंबडच्या ग्राइंडिंगवाल्याकडे कोण दोरे लावून बघतं. हे सगळं खरंही असेल. पण मला झोपू देत नव्हता तो बेरिंगचा आकडा नव्हता, रजिस्टर होतं. दोनशे पानी, निळ्या कव्हरचं, नानांनी पट्टीने रकाने आखलेले. तारीख, तपमान, भाग, मोजणारा, माप, शेरा, सही. चौतीस वर्षांत एकही खोटा आकडा त्या सहीच्या वर गेला नव्हता. साहेबांना जमलं नाही ते मी पोर्चमध्ये बसून एका शब्दात करून घेतलं होतं, तेही त्यांना दिसत नाही म्हणून.

एक वाजता उठलो. स्वेटर घातला, पोर्चमधली ट्यूब लावली, फरशी बर्फासारखी. तिसऱ्या कॅपचे बोल्ट सैल केले. आवाज न करता करायचं ठरवलं होतं, पण पाना सुटला आणि फरशीवर पडला. थर्ड शिफ्ट केलेल्या माणसाची झोप काय असते ते मी विसरलो होतो. दोन मिनिटांत दार उघडलं.

नाना शाल गुंडाळून उभे. उघडलेली कॅप बघितली. माझ्याकडे बघितलं.

"नाना, मी सकाळी दिसलं ते सांगितलं नाही," मी म्हटलं. "पन्नास नव्हतं."

"किती होतं?"

"एका कडेला अडतीस, फ्लायव्हीलकडे पंचवीस."

"हं," म्हणाले. खुर्ची ओढली, बसले. मला वाटलं आता काहीतरी येईल, मी त्याची वाटही बघत होतो, आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "जर्नलला टेपर नाही. मग कॅपमधलं शेल काढ."

कॅपमधलं शेल काढून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आतली बाजू बघितलीच नाही, पाठ वर केली. ट्यूबखाली तिरकी धरली. हात थरथरत होता म्हणून उजेड त्या पत्र्यावर सारखा हलत होता, आणि त्या हलण्यातच एका ठिकाणी काहीतरी चमकलं. त्यांनी अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. थांबलं. "हे बघ." मीही नख फिरवलं. लागलं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तांदळाच्या कणीएवढी एक चिप, ग्राइंडिंगचीच असणार, धुताना राहिलेली, शेल आणि कॅपच्या मध्ये दाबून चपटी झालेली. तिने शेल त्या कडेला आत ढकललं होतं. आतला थर मऊ असतो, तो बारीक कचरा पोटात घेतो, म्हणून तर तो मऊ ठेवतात. पाठीचं पोलाद काही पोटात घेत नाही, जे मागे राहील ते जसंच्या तसं पुढे दाखवतं. माझ्या फडक्याची चूक. नानांनी मलमलचा तुकडा वापर म्हणून सांगितलं होतं, मी एका जागी जुना टॉवेल फिरवला होता.

चिप काढली. कॅप डिझेलने धुतली, पुसली, परत पुसली. नानांनी शेलच्या पाठीवरून आणि कॅपच्या आतून स्वतः बोट फिरवलं, डोळे मिटून. जर्नलवरचं तेल सुकं केलं. नवा दोरा, शेवटचाच उरला होता. कॅप, तीन टप्पे, पान्याचा टक आवाज त्या शांततेत केवढा मोठा वाटला. उघडलं. दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा, पन्नासच्या पट्टीत बसलेला. मी कागद त्यांच्या डोळ्यांजवळ नेला. "मला नाही दिसत," ते म्हणाले. "तू सांग." मी सांगितलं. भिंतीवर पारा तेरावर होता. मी म्हटलं सकाळी साडेनऊला परत बघू का, तर म्हणाले जर्नल, ब्लॉक, कॅप सगळी एकाच थंडीत आहेत, सगळी बरोबरच आक्रसलीत, फरक पडला तर एखाद्या मायक्रॉनचा आणि तो या दोऱ्याला दिसायचा नाही. चालेल. त्यांच्या तोंडून "चालेल" हा शब्द मापाबाबत मी पहिल्यांदा ऐकला.

आत जाऊन त्यांनी रजिस्टर आणलं. सकाळच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारली, जुना आकडा वाचता येईल अशी. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, हे त्यांचं कंपनीपासूनचं. शेजारी ३८/२५ लिहिलं आणि छोटी सही केली. खाली नवी ओळ, तारीख, तपमान १३, मेन नंबर ३, मोजणारा म्हणून माझं नाव, ५०, सही. त्यांचं अक्षर आता वाकडंतिकडं येतं, वेळ लागतो. मी उभा राहून बघत होतो. मग ते झोपायला गेले. मी ट्यूब बंद केली.

फेब्रुवारीत इंजिन बसलं. तीन पाइपांचं तिकाटणं, भाड्याचा चेन ब्लॉक, शेजारचे दोघं मदतीला. पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा आई देवापाशी उभी होती. लाल दिवा दोन-तीन सेकंद राहिला आणि विझला, गरम झाल्यावर स्लो स्पीडलाही विझलेलाच राहिला. नानांनी पाय बाहेर ठेवून, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून पाच मिनिटं नुसतं ऐकलं. मार्चमध्ये सप्तशृंगीला जाऊन आलो, घाट चढून गेलो, काही नाही.

रजिस्टर गाडीतच असतं, डॅशबोर्डच्या कप्प्यात. मध्यंतरी एकदा सर्व्हिसची तारीख बघायला उघडलं तेव्हा ते पान निघालं. त्या रात्री मला आकडेच दिसले होते, मारलेल्या ओळीपुढचा शेऱ्याचा रकाना मी वाचलाच नव्हता. मी त्यांना सांगितलं होतं की मला बरोबर दिसलं होतं आणि मी वेगळं सांगितलं. शब्द चुकले नव्हते माझे, त्यांना नीट ऐकूही आलं होतं. त्या रकान्यात त्यांच्या वाकड्या अक्षरात दोन शब्द आहेत. "वाचण्यात चूक." आणि पुढे त्यांची सही.